‘अचानक’ म्हणे! राईनपाड्याच्या आधीचा महिना आठवा

मुलं पळवणाऱ्या टोळीची हूल उठली की एक जुना मेसेज नवे कपडे घालून फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यांतला एक आमच्या मावसभावंडांचा. त्याचा मथितार्थ असा: जमाव कुणाला मारतो तो लोकांचा उद्रेक असतो, तो अचानक होतो, आधी कुणालाच कळत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की अनोळखी माणूस दिसला की फोटो काढायचा आणि सगळीकडे टाकायचा. खोटं निघालं तर काय बिघडलं? खरं निघालं तर एखादं लेकरू वाचेल.

लेकराचं नाव निघालं की कुणाचंही बोट फॉरवर्डवर जातं. माझंही गेलं असतं.

आधी ते ‘अचानक’ बघू. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मरेपर्यंत मारलं. त्यांतला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त झालं. निमित्त त्या दिवसाचं होतं, पण दारूगोळा आधीचा होता. कितीतरी दिवस त्या पट्ट्यात टोळीचे मेसेज फिरत होते. जूनमध्येच वैजापूर तालुक्यात दरोडेखोर समजून जमावाने दोघांचा जीव घेतला होता. आणि राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावात याच संशयावरून पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं म्हणून ते वाचले. याला अचानक म्हणायचं असेल तर पावसाळ्यातल्या पुरालाही अचानक म्हणावं लागेल.

पालघरमधलं गडचिंचले तर याहून बोलकं उदाहरण आहे. १६ एप्रिल २०२० ला तिथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढतात अशा वावड्या पाड्यापाड्यांवर पोचल्या होत्या. लोक काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालत होते, गाड्या अडवत होते. त्याच भागात दोनच दिवस आधी मदतीच्या कामावर गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवर आणि पोलिसांवरही हल्ला झाला होता. याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? डॉक्टर आणि पोलीस यांनाही गाव ओळखेनासं झालं, तर पुढची गाडी कुणाची आहे याला काय अर्थ उरला? (नंतर त्या घटनेला धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न झाला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लीम नाही, असं तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर सांगावं लागलं. एका अफवेने माणसं मारली, दुसरी त्यांच्या चितेवर पोळी भाजायला आली.)

आता दुसरा मुद्दा: अनोळखी माणूस हेच म्हणे धोक्याचं लक्षण. डौर वाजवत दारोदार जाणारा डवरी गोसावी प्रत्येक गावात अनोळखीच असतो, तो त्याच्या पोटाचाच धंदा आहे. कल्हईवाला, चादरीवाला, ऊसतोडीची टोळी, सगळेच कुठे ना कुठे परके. मेसेजमधली खूण या सगळ्यांना लागू पडते, म्हणजे ती खूणच नव्हे. ज्या खुणांकडे बघायला हवं त्या आपल्याच पारावर आणि आपल्याच ग्रुपवर असतात. पोलिसांना न कळवता सुरू झालेली गस्त. काठ्यांच्या जागी कोयते येणं. ‘पोलीस सोडून देतात, या वेळी आपणच बघू’ ही भाषा. परक्याला ‘कुठले पाव्हणं’ असं विचारायच्या आधी मोबाइल वर करणारे हात. आणि एरवी पोरांना दटावणारी म्हातारी माणसं अशा वेळी गप्प बसणं. मला तर शेवटची खूण सगळ्यांत जास्त घाबरवते.

खोटं निघालं तर काय बिघडलं? २०१८ मध्ये देशभर फिरलेला तो व्हिडिओ आठवत असेल: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेचा होता. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येऊन पोराला खाली उतरवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा तुकडा कुणीतरी कापला. जागृतीसाठी केलेली फीत कात्री लागताच माणसं मारायच्या कामी आली. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, ती काही हौस म्हणून नव्हे.

राहिलं ‘आपल्या हातात एवढंच’. मुलाची काळजी खरी आहे, मुलं हरवतात हेही खरं. त्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, गावात पोलीस पाटील आहे. पोलीस पाटलाने अशी कुणकुण ठाण्यापर्यंत पोचवायची, हे त्याचं कामच आहे. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांविषयीच्या तहसीन पूनावाला खटल्यात सांगितलं, की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, आधी असे प्रकार झालेली गावं हेरून ठेवा, भडकवणाऱ्यांची आगाऊ माहिती काढा. आधी काही कळतच नसतं, तर न्यायालयाने आगाऊ माहिती काढायला सांगितलंच नसतं. माहिती काढायची कुठून, तर ज्या ग्रुपवर मी आणि तुम्ही आहोत तिथूनच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका चादरी विकणाऱ्याचा फोटो आला. खाली लिहिलेलं: ‘संशयित, मुलांना आत घ्या.’ मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो हसला. ‘साहेब, हा दर थंडीत येतो. तुमच्या मजल्यावरच दोन चादरी उधार दिल्यात त्यानं.’ मी ग्रुपवर तसं लिहिलं, फोटो टाकणाऱ्या काकूंनी तो लगेच काढलाही. तोवर तो शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचला होता. उधारीचे पैसे मागायला तो माणूस अजून आलेला नाही.