पुन्हा कॉम सात!

पीसीने सीरियल पोर्टला दिलेला नंबर काल कॉम तीन होता, आज कॉम सात! माझा गुन्हा काय, तर यूएसबी-सीरियल केबल शेजारच्या भोकात खुपसली. झालं. मोडेमचं सोंग घेऊन जुन्या कॉम्प्युटरला नेटवर पोचवणारा प्रोग्राम पीसीवर अजून कॉम तीनच्याच दारात बसलाय आणि इकडे कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर 'एटीडीटी' (मोडेमला नंबर फिरवायचा हुकूम) टाइप करून मी ताटकळतोय.

तो १९८२ सालचा म्हातारा बिचारा बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत निळ्या पडद्यावर 'रेडी' म्हणून हजर. नखरे सगळे नव्या पीसीचे. आधी अपडेट, मग रीस्टार्ट, मग ड्रायव्हरच गायब.

बरं, पोर्ट सापडला म्हणून सुटका नाही. कमोडोरच्या यूजर पोर्टला ५ व्होल्टचे सिग्नल, आरएस-२३२ चा, म्हणजे सीरियल केबलच्या सिग्नलचा, व्होल्टेज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवाच. (केबल थेट जोडायची हौस एकदाच भागते.) मग बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग. एका टोकाला १२००, दुसऱ्याला २४०० राहिलं की पडद्यावर नुसता बदाम-इस्पिकांचा पाऊस. तेही जुळवलं, तर लहान अक्षरं मोठी आणि मोठी लहान! इथे मात्र म्हाताऱ्याचाही हट्ट: अक्षरांसाठी सगळे वापरतात ती आस्की संकेतावली चालत नाही, त्याची स्वतःची पेटस्कीच लागते.

रात्री साडेबाराला एकदाचं 'कनेक्ट' आलं. सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं, पण ओळी सरकू लागल्या. मी खुर्चीत रेललो.

आणि पीसी झोपला. स्लीप मोड!