सल्काटाचं पिल्लू कोरडं ठेवू नका

‘सल्काटा वाळवंटी कासव आहे. पिल्लाची पेटी कोरडी ठेवा, वर दिवा लावा, ओल लागली की कवच कुजतं,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्यात पिल्लांचे हाल होतात.

हे कासव सहाराच्या दक्षिण कडेचं. पण ते तापलेल्या वाळूवर दिवस काढत नाही, खोल बिळात शिरतं आणि तिथली हवा दमट असते. व्हिएन्नात 2003 साली याच जातीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त टेकाडं आली. जास्त प्रथिनांवर खापर फोडलं जातं, पण त्यांचा परिणाम किरकोळ निघाला. ही टेकाडं पुन्हा सपाट होत नाहीत.

म्हणून पेटी बंद झाकणाची हवी. खाली दाबून बसवलेलं ओलसर कोकोपीट. मुठीत आवळलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास, दिव्याखाली 35 अंश, आणि रात्रीसुद्धा कुठेच 26 च्या खाली नको. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) लावूनच. यूव्हीबी नळी (अतिनील किरण देणारा दिवा) वेगळी लागते. रोज कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसवा.

ओल घातक ठरते ती गारठ्यात, तेव्हा नाक वाहू लागतं. उबदार ओल पिल्लाला हवीच असते.

भारतातल्या वाचकांनी हे तारा कासवासाठी वापरू नये. ते पाळणं गुन्हा आहे, सापडलं तर वनविभागाला कळवा.