कौन्सिलकडची तक्रार स्टेज टूच्या दारातच का अडते

इंग्लंडमध्ये मुलांच्या सोशल केअरबद्दल (कौन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, मुलांना आणि कुटुंबांना देते ती मदत) तक्रार करायची कायदेशीर पद्धत कागदावर चांगली आहे. पण कौन्सिल ती आपण होऊन नीट समजावून सांगेल या भरवशावर राहू नका. इथल्या मराठी पालकांसाठी, विशेषतः अपंग मुलांच्या पालकांसाठी, जरा सविस्तर लिहितो.

आधार दोन: १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टचं कलम २६ आणि २००६ ची नियमावली. तक्रारीचे टप्पे, म्हणजे स्टेजेस, तीन. घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. स्टेज वनला सहसा त्याच टीमचा मॅनेजर उत्तर देतो. त्याला कामाचे १० दिवस, प्रकरण किचकट असेल तर २०. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की स्टेज टू मागायची.

खरी अडवाअडवी इथे. स्टेज टूला चौकशी अधिकारी नेमावा लागतो आणि त्याच्या जोडीला कौन्सिलच्या नोकरीत नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती. फायली वाचायच्या, सोशल वर्करना भेटायचं, अहवाल लिहायचा, मग वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यावर निर्णयाचं पत्र द्यायचं. मुदत कामाचे २५ दिवस, फार तर ६५, म्हणजे तीन महिने. यात पैसा आणि माणसं दोन्ही लागतात. म्हणून मग ‘आधी मॅनेजरशी मीटिंग करू’, ‘चौकशीतून वेगळं काही निघणार नाही’, असली उत्तरं येतात. नाहीतर तक्रार गुपचूप कॉर्पोरेट कंप्लेंट्समध्ये (कौन्सिलची नेहमीची, सर्वसाधारण तक्रार पद्धत) ढकलली जाते, जिथे ही स्वतंत्र व्यक्ती नसतेच. हे चालत नाही. या पद्धतीखाली स्टेज वन झाली असेल तर पुढच्या स्टेजेस मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो नाकारणाऱ्या कौन्सिल्सना ओम्बुड्समनने (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था) वारंवार दोषी धरलंय.

आता तुमच्या बाजूने काय चुकतं ते. ‘सोशल वर्कर आमचं ऐकतच नाही’ या वाक्यावर चौकशी अधिकारी काय करणार? त्याऐवजी असं लिहा (रेफरल म्हणजे कौन्सिलकडे मदतीसाठी आलेली नोंद, असेसमेंट म्हणजे मुलाच्या गरजांची पाहणी): ‘३ मार्चला रेफरल स्वीकारला. असेसमेंटची कमाल मुदत कामाचे ४५ दिवस. जूनअखेर असेसमेंट झालेली नाही.’ प्रत्येक मुद्द्याला नंबर द्या आणि त्याखाली काय हवंय ते लिहा: असेसमेंट, लेखी माफी, बुडालेल्या रेस्पाइटची (पालकांना विश्रांती मिळावी म्हणून मुलाला सांभाळण्याची सोय) भरपाई. मजकूर पहिल्याच फटक्यात पक्का करा. तुम्ही तो बदलत राहिलात तर स्टेज टूची मुदत मजकूर अंतिम झाल्यापासून मोजतात, आणि ते कौन्सिलच्या पथ्यावरच पडतं. मिळत असलेली मदत बंद होणार असेल, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो निर्णय थांबवा अशी मागणी त्याच पत्रात करा. ती मान्य होईलच असं नाही, पण विचार करावा लागतो. तक्रार स्वतः मूलही करू शकतं. त्यासाठी अ‍ॅडव्होकेट (मुलाच्या बाजूने बोलणारी व्यक्ती) मिळवून देणं कौन्सिलचं काम.

व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी भत्ते घेता येत नाहीत) ही अट आहे म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. चिल्ड्रन अ‍ॅक्टच्याच कलम १७ खाली मुलाला मिळणारी मदत पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. मात्र कोर्टाचा हुकूम किंवा चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्सचा (मुलाच्या सुरक्षेबद्दलची अनेक संस्थांची बैठक) निर्णय या तक्रारीच्या वाटेने फिरत नाही, तिथे वेळ घालवू नका.

स्टेज थ्री म्हणजे तीन स्वतंत्र सदस्यांचं पॅनेल. निर्णयाचं पत्र हाती आल्यापासून कामाच्या २० दिवसांत मागायचं, पुढच्या कामाच्या ३० दिवसांत ते बसलं पाहिजे. पॅनेल नव्याने चौकशी करत नाही, स्टेज टूची चौकशी नीट झाली का ते तपासतं. शिफारशी बंधनकारक नसतात, पण कौन्सिलला कामाच्या १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. त्यानंतर ओम्बुड्समन, फुकट. मधेच तिकडे धावलात तर बहुधा परत कौन्सिलकडेच पाठवतील. महत्त्वाचा अपवाद: स्टेज टू नाकारली किंवा महिनोन्‌महिने लटकवली, तर तेवढ्याच मुद्द्यावर लगेच जा, आणि स्टेज टू मागितल्याची तारखेची ईमेल सोबत जोडा.