अहो, ते लोखंड नव्हतंच

‘रेंज रोव्हरच्या पाच पिढ्यांचं सत्य, जे कंपनी तुम्हाला कधीच सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मी तो पाहून सोडून दिला होता. असले दहा येतात, दहा जातात. पण परवा आमच्या दादानं, म्हणजे मोठ्या आतेभावानं, तोच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘म्हणूनच पोरीसाठी जुनी दणकट गाडी शोधतोय. नव्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे.’ त्याची मुलगी नुकतीच गाडी चालवायला शिकली आहे. आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९७०ची पहिली रेंज रोव्हर राजघराण्यासाठी बनवलेली, जाड लोखंडाची आलिशान गाडी होती. धडक झाली तर समोरच्याचा चेंदामेंदा व्हायचा, आतल्याला ओरखडा नाही. सीटबेल्टचीसुद्धा गरज नव्हती. पुढे चासी, म्हणजे गाडीखालचा वेगळा सांगाडा, काढून टाकली आणि गाडी डोंगर चढायची विसरली. इंजिन तर अमेरिकेतून चोरलेलं. आणि २००८मध्ये टाटांनी कंपनी घेतल्यावर पैसे वाचवायला लोखंड जाऊन अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आला, गाडी पुण्यात बनू लागली, दर्जा गेला.

राजघराण्याचं आधी उरकून घेऊ. जून १९७०मध्ये आलेल्या त्या गाडीला दारं होती दोन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरत आत शिरावं लागे. सीटवर रेक्झिन, पायाखाली रबरी चटई, डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा; चिखलात माखली तर आतूनही पाइपनं धुता यावी अशी सोय. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या इंजिनिअरांनी ती बनवली ती शेतावरही जाईल आणि हायवेवरही आरामात पळेल अशी एकच गाडी हवी म्हणून. चार दारं आली १९८१ला, ऑटोमॅटिक गिअर १९८२ला. ‘व्होग’ हे नाव चिकटलं तेही त्याच नावाच्या फॅशन मासिकाच्या फोटोंसाठी गाडी दिली होती म्हणून. राणीच्या ताफ्यात ती होती, मान्य. पण ताफ्यात असणं वेगळं आणि ताफ्यासाठी बनणं वेगळं.

आता लोखंड. इथे मला खरंच हसावं की रडावं कळत नाही, कारण पहिल्या रेंज रोव्हरचे बाहेरचे बहुतेक पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे होते. १९७०पासून. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून याच कंपनीच्या १९४८च्या लँड रोव्हरला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं अंग दिलं गेलं आणि ती सवय कंपनीनं पुढे चालू ठेवली. रेंज रोव्हरमध्ये आतला सांगाडा, खालची चासी आणि मागच्या दाराची चौकट पोलादी होती, आणि गंजायची तीच. अशी जुनी गाडी कुणी विकायला काढली असेल तर बाहेरचं चकचकीत मडगार्ड बघून भाळू नका. आतली चटई उचला. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा बऱ्याचदा इतका सडलेला असतो की खालचा रस्ता दिसतो. मागच्या काचेच्या दाराची खालची पट्टी बोटानं दाबून बघा, पापुद्रे सुटतात. ज्याला मेसेजवाला ‘पातळ पत्रा’ म्हणून हिणवतोय ते अ‍ॅल्युमिनियम टिकलं आणि ज्याच्या नावानं तो गळा काढतोय ते पोलाद गेलं.

वजनाचंही तसंच. पहिली गाडी १,७०० किलोच्या आसपास होती. २०२१ला आलेली पाचवी पिढी, जिच्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, ती अडीच टनांच्या घरात जाते. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्यांना फायदा असतो, हे पदार्थविज्ञान मी नाकारत नाही. पण मग त्या हिशोबानं नवीच घ्यायला हवी ना?

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. ‘जुनी गाडी चेपत नाही, म्हणून माणूस वाचतो.’ याच्याइतकं धोकादायक अर्धवट ज्ञान दुसरं नाही. गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असते तेव्हा आत बसलेला माणूसही त्याच वेगानं जात असतो. गाडी क्षणात थांबली तरी माणूस थांबत नाही. तो पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर किंवा काचेवर आदळून थांबतो. गाडीचं नाक चेपतं तेव्हा ते धडकेची ऊर्जा स्वतःत जिरवतं आणि आतल्या माणसाला थांबायला थोडा जास्त वेळ देतं. तो वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नसतो, पण फासळ्या मोडणार की नाही ते त्यावर ठरतं. म्हणून नव्या गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं करतात आणि माणसं बसतात तो भाग मुद्दाम न चेपणारा. अपघातानंतरच्या फोटोत पुढचा भाग चुरगळलेला आणि दारं उघडतायत असं दिसलं, तर गाडीनं आपलं काम चोख केलं. आपले लोक तोच फोटो फिरवून ‘बघा कसला पत्रा’ म्हणतात.

हे कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? पाहिलंय. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची रस्ता सुरक्षा संस्था आहे. तिला ५० वर्षं झाली तेव्हा, २००९मध्ये, तिनं १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, धडक ड्रायव्हरच्या बाजूला. बेल एअर म्हणजे पंखांसारखी शेपटी असलेली ती अवाढव्य, ‘दणकट’ दिसणारी गाडी. धडकेत तिची पुढची काच उखडून बाहेर पडली, ड्रायव्हरचं दार उघडलं, काचेशेजारचा खांब आत वाकला आणि चाचणीचा पुतळा आधी स्टिअरिंगवर, मग छतावर आणि लोखंडी डॅशबोर्डवर आदळला. तिथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार गेलं, पण पुतळ्याच्या जागी असलेल्या माणसाच्या फार तर पायाला दुखापत झाली असती. व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला आहे, मिनिटभराचं काम आहे. दादाला मी तोच पाठवलाय आणि मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकानं आधी तो बघावा.

बेल एअर ही रेंज रोव्हर नव्हे, हे मलाही कळतं. पण रेंज रोव्हरचंही चित्र वेगळं नाही. गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपच्या युरो एनकॅप चाचणीत २००२मध्ये तिसऱ्या पिढीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले, २०१२मध्ये चौथीला ५ आणि २०२२मध्ये पाचवीला ५. मधल्या काळात परीक्षेचा पेपर कितीतरी अवघड झाला, तरी.

राहिला सीटबेल्ट. जिच्यात ‘बेल्टची गरज नव्हती’ त्या १९७०च्या गाडीत कंपनीनं पुढचे बेल्ट थेट सीटच्या सांगाड्यालाच बसवले होते. गाडी बनवणाऱ्यांना गरज वाटली, फॉरवर्ड करणाऱ्यांना वाटत नाही! पहिल्या पिढीच्या शेवटी शेवटी, १९९४मध्ये, त्या ‘लोखंडी’ गाडीत एअरबॅगही आल्या.

चासीचा मुद्दा त्यातल्या त्यात ऐकण्यासारखा आहे. पहिल्या दोन पिढ्या शिडीसारख्या वेगळ्या चासीवर होत्या आणि पुढे-मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे अखंड अ‍ॅक्सल होते. २००१च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या पिढीत दोन्ही गेलं. बॉडी आणि चासी एकच झाली, प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन सुटं. अखंड अ‍ॅक्सलचा फायदा असा की एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन धरून ठेवतं. सुट्या सस्पेन्शनमध्ये ते होत नाही. इथपर्यंत मेसेजवाला बरोबर. पण इंजिनिअरांना हे ठाऊक नव्हतं असं त्याला का वाटतं? त्यांनी डाव्या-उजव्या चाकांच्या हवेच्या स्प्रिंगा व्हॉल्व्हनं जोडल्या. खडबडीत जागी तो व्हॉल्व्ह उघडतो, वर गेलेल्या चाकाच्या स्प्रिंगमधली हवा दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगमध्ये ढकलली जाते आणि त्या बाजूचं चाक खाली दाबलं जातं. अखंड अ‍ॅक्सल जे लोखंडानं करायचा ते हवेनं केलं. पाण्यातून जायची खोलीही तिसऱ्या पिढीत ७०० मिलिमीटर होती, ती चौथीत ९०० झाली. (म्हणून कुणी पुराच्या वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, तो आकडा संथ पाण्याचा, सावकाश जाण्याचा आहे.) जंगलात बंद पडली तर हातोडी आणि पान्यानं दुरुस्त होईल अशी ती आता राहिली नाही, लॅपटॉप लागतो, हे मात्र कबूल. तेवढी तक्रार खरी आहे.

इंजिन. अर्धं खरं. पहिलं साडेतीन लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मूळचं जनरल मोटर्सच्या ब्यूक या ब्रँडचं. अमेरिकेत ते १९६३मध्ये बंद झालं आणि रेंज रोव्हर बनवणाऱ्या रोव्हर कंपनीनं रीतसर पैसे मोजून त्याचे हक्क घेतले. चोरी नाही, खरेदी. मग पुढची तीसेक वर्षं तेच वाढवत, सुधारत ४.६ लिटरपर्यंत नेलं. त्यानंतर बीएमडब्ल्यूचं, मग जॅग्वारचं आणि पाचव्या पिढीत पुन्हा बीएमडब्ल्यूचं व्ही-एट आलं. त्यात लाज कसली?

आता टाटा. २००८मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, बरोबर. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियम बॉडीची चौथी पिढी २०१२मध्ये आली, तेही बरोबर. पण पैसे वाचवायला? अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा महाग. शिवाय ते वेल्डिंगऐवजी रिव्हेट आणि खास गोंदानं जोडायचं तंत्र जॅग्वारनं २००३च्या एक्सजे गाडीत वापरलं होतं, फोर्डच्या काळात. तेच रेंज रोव्हरकडे आलं आणि गाडी तिसऱ्या पिढीपेक्षा जास्तीत जास्त ४२० किलोंनी हलकी झाली. खर्च कमी करायचा असता तर टाटांनी जुनं पोलादच चालू ठेवलं असतं.

आणि पुणे. मोठी रेंज रोव्हर ५४ वर्षं फक्त इंग्लंडमध्ये सॉलिहलला बनत होती. पुण्यात तिची जोडणी २०२४मध्ये सुरू झाली, तीही भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी. तेव्हा २००८पासून घसरलेल्या दर्जाचं खापर २०२४च्या असेंब्ली लाइनवर कसं फुटतं, ते मेसेजवाल्यानंच सांगावं. गाडी कटकटीची आहे ही ओरड मी खोटी म्हणत नाही. दुसऱ्या पिढीच्या एअर सस्पेन्शनचे रबरी फुगे चिरायचे आणि रात्री उभी केलेली गाडी सकाळी टायरांवर बसलेली मिळायची. पण ती १९९४ची गाडी. टाटा तेव्हा चित्रात कुठेच नव्हते. कंपनी नुकतीच बीएमडब्ल्यूनं घेतली होती आणि गाडीची रचना त्याआधीच, ब्रिटिश मालकीत, पक्की झाली होती.