पळसाच्या रंगात चुना घालू नका

रंगपंचमी जवळ आली की हा मजकूर फिरू लागतो: ‘पळसाची फुलं रात्रभर भिजवा, सकाळी चमचाभर चुना घाला. रंग पक्का होतो, डोळ्यांत गेला तरी चालतो, कपड्यांवर डाग राहत नाही. उरलेलं पाणी प्यायल्यास मधुमेह जातो.’ यातलं फुलं भिजवणं तेवढं बरोबर आहे.

चुन्याने रंग पक्का होत नाही, नुसता गडद दिसतो. पळसाचा रंग आयसोब्युट्रिन, ब्युटीन अशा फ्लॅव्होनॉइडांचा, म्हणजे वनस्पतींतल्या रंगद्रव्यांचा. चुन्याने पाणी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) झालं की ही पिवळी द्रव्यं केशरी-लाल दिसू लागतात, आणि मुळात रंगहीन असलेल्या ब्युट्रिनचंही आयसोब्युट्रिन होतं. त्यात लिंबू पिळा, लाली लगेच उतरते.

‘डोळ्यांत गेला तरी चालतो’ हे तर सर्वांत घातक. चुन्याच्या निवळीचा सामू (pH) 12 च्या वर असतो, म्हणजे ती तीव्र अल्कधर्मी असते. तिने डोळा भाजतो आणि न विरघळलेले कण पापणीखाली अडकून भाजत राहतात. गेलाच तर वाहत्या पाण्याने किमान 20 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. खेळायच्या रंगाला चुना लागतच नाही: 50 ग्रॅम वाळलेली फुलं 2 लिटर पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात 15-20 मिनिटं उकळा आणि रात्रभर ठेवा. लोखंडी कढईत रंग काळपट होतो. फुलांवर बारीक लव असते, म्हणून चहाच्या गाळणीने नव्हे, दुहेरी सुती फडक्याने गाळा. उन्हाळ्यात हे पाणी आंबतं, गाळल्यावर त्याच दिवशी वापरा.

रंग पक्काही आणि डागही नाही, हे एकत्र कसं जमेल? सुती कपड्यावरचा बराचसा रंग धुतल्यावर जातो. रेशीम आणि लोकर मात्र तो धरतात. साबण अल्कधर्मी असल्याने डाग आणखी केशरी होतो, म्हणून आधी साध्या पाण्यात खळबळा. खरोखर रंगवायचं असेल तर 100 ग्रॅम सुती कापड 20 ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात भिजवून वाळवा, मग 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात बुडवा, आणि कापडाच्या वजनाइतक्या फुलांच्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवा. तरीही उन्हात तो विटतोच, सावलीत वाळवा.

मधुमेहाचा दावा उंदरांवर मोजून दिलेल्या अर्कांच्या प्रयोगांवरून ताणलेला आहे. बादलीतल्या पाण्यात काय किती उतरलं, हे कोणीच मोजलेलं नसतं. ते पिऊन गोळ्या थांबवल्या तर साखर चढेल. आणि चुना घातलेलं पाणी घोटभरही पिऊ नका. तोंड, घसा भाजू शकतो.