त्याला फोन लावा ना

ड्रोन सापडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी उगाच हळहळायला नको. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, तो कुणामुळे सापडला याची जी स्टोरी सध्या फिरतेय ना, तिचा.

झालं एवढंच की ड्रोन मैदानाच्या पार टोकाला गेला होता आणि परत येताना वारा तोंडावर आला. खाली पानही हलत नसलं तरी ऐंशी मीटरवर वाऱ्याचा कारभार वेगळाच असतो, आणि हे अडीचशे ग्रॅमच्या आतले छोटे ड्रोन सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वारा असला की जागच्या जागी तडफडायला लागतात. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा असा नियम आहे, तो मी पाळला होता, वाराच मधे फिरला, त्याला मी काय करणार? अंतर कमी व्हायच्या ऐवजी बॅटरी कमी व्हायला लागली. खाली वारा कमी लागतो म्हणून ड्रोन खाली घेतला, तोवर बॅटरी तळाला गेली आणि त्याने परस्पर ठरवलं की बास, आता उतरायचं. एकदा तो या निर्णयाला आला की खाली काय आहे याची फारशी चौकशी करत नाही. खाली झाड होतं.

आणि झाडाखाली काका होते.

काकांची आणि माझी ओळख उडवायच्या आधीच झाली होती. ड्रोनचा कंपास, म्हणजे आतलं होकायंत्र, कॅलिब्रेट करायचा, म्हणजे दिशा नीट जुळवायच्या असल्या की ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती गोल फिरायचं, मग तोंड खाली करून उभा धरायचा आणि परत फिरायचं. हे लोखंडापासून लांब करावं लागतं, सिमेंटच्या गच्चीवरसुद्धा नको कारण आत सळया असतात, म्हणून मी मैदानाच्या बरोब्बर मधे, सगळ्यांना दिसेल असा, गरागरा फिरत होतो. काका चालता चालता थांबले.

"पाठीसाठी करताय का?"

"नाही काका, कंपाससाठी."

"मानेचं असेल तर उलटे फिरा."

मग ते तिथेच उभे राहिले. उडवत का नाही, विचारायला लागले. म्हटलं सॅटेलाइट मिळायची वाट बघतोय, कमीत कमी चार लागतात, आणि घाईने तसाच उडवला तर त्याला आपण कुठून निघालो हेच कळत नाही, मग घरी यायचं बटण दाबून उपयोग काय. हे सॅटेलाइट वीस हजार दोनशे किलोमीटर वर असतात हेही सांगितलं, जरा इम्प्रेशन पडावं म्हणून. काका म्हणाले, "आमच्या टीव्हीचं पण असंच आहे. पाऊस आला की जातं."

तर आता झाडाखाली. मोबाईलमधल्या नकाशावर ड्रोनची शेवटची जागा दिसते, त्या ठिपक्यावर मी येऊन उभा, आणि ड्रोन नाही. नकाशा सपाट असतो, ड्रोन गवतात पडला काय आणि चाळीस फुटांवर फांदीत अडकला काय, ठिपका तोच. त्यात जीपीएस चार-पाच मीटर इकडे तिकडे होतंच, म्हणजे शेजारशेजारच्या तीन झाडांपैकी कुठलंही असू शकतं. तोवर पाचसहा माणसं जमली होती आणि सगळी माना खाली घालून गवत बघत होती.

"कुठलं विमान पडलं?" एकाने विचारलं.

"मी बघितलं ना," काका म्हणाले. "धूर निघत होता."

धूरबिर काही नव्हता. मी तसं म्हणालोसुद्धा. कोणी ऐकलं नाही.

"तुम्ही त्याला फोन लावा ना," काका म्हणाले.

"काका, ड्रोनला फोन नाही लागत."

"का? माझा मोबाईल हरवला की ही रिंग देते, लगेच सापडतो."

"त्यात सिमकार्ड नसतं हो."

"एवढं महागाचं घेतलं आणि सिम नाही घातलं?" हे त्यांनी मला नाही, जमलेल्या लोकांना विचारलं. लोकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. एक जण तर च् च् म्हणाला.

आता सांगायची गोष्ट अशी की अ‍ॅपमधे ड्रोनला आवाज करायला लावणारं एक बटण असतं. बॅटरीत थोडा जीव आणि सिग्नल असेल तर ड्रोन टींटीं करतो आणि दिवे लुकलुकवतो. ते बटण दाबायला माझं बोट आधीच निघालं होतं. आधीच. काका बोलायच्या आधी. हे मी बायकोलाही सांगितलंय, तिने फक्त "बरं" म्हटलं.

मी दाबलं. वरून बारीक टीं टीं टीं.

"लागला!" काका ओरडले. "लागला बघा फोन!"

टाळ्या वाजल्या हो. खरंच. एका माणसाने काकांशी हात मिळवला.

बरं, हे फंक्शन मॅन्युअलमधे कुठे असतं? कुठल्यातरी कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. आणि कव्हरवर काय, तर अडथळे ओळखणारा स्मार्ट ड्रोन. भिंत ओळखतो, कबूल. बारीक काटक्या आणि तारा बऱ्याचदा त्याला दिसतच नाहीत. स्थिर पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात. घरी परतायची उंची किती ठेवायची तेही आपणच सांगायचं, आसपासच्या सगळ्यात उंच झाडाच्या वर, नाहीतर तो सरळ रेषेत, अत्यंत आज्ञाधारकपणे, झाडात घुसतो. मग स्मार्ट कोण? एवढे पैसे मोजून सगळी अक्कल मीच वापरायची असेल तर तो फक्त एक नाजूक पंखा झाला. आणि ते व्हिडिओवाले, डोंगर दाखवतात, सूर्यास्त दाखवतात, झाडाखाली तोंड वर करून उभा असलेला माणूस एकजणही दाखवत नाही.

पुढे काढायचा प्रश्न. "तिथूनच परत उडवा, निघेल आपोआप," काका. नाही सांगितलं, पाती फांदीत अडकलेली असताना मोटर फिरवली तर जळते. "मग दगड मारू?" नाही. "हलके मारतो." नाही हो काका! "त्यावर नाव-नंबर तरी लिहिलाय का तुमचा?" लिहिला होता, चांगला स्टिकर लावला होता, पण चाळीस फुटांवरचा स्टिकर वाचणार कोण? शेवटी कोणीतरी दोन बांबू एकाला एक बांधून आणले, टोकाला आकडा, आणि ड्रोन पानांसकट खाली आला. दोन पाती तुटली, बाकी ठीक. पानं काकांनी काढली, एकेक करून, सगळ्यांना दाखवत.

घरी येऊन बघतो तर कॅमेरा चालूच राहिलेला. वरून काका स्पष्ट दिसतायत, पूर्ण आत्मविश्वासाने शेजारच्या झाडाकडे बोट दाखवताना. म्हटलं सापडला पुरावा! दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाखवायला घेऊन गेलो. पण ड्रोनला माईक नसतो, त्यामुळे क्लिपमधे दिसतं एवढंच, की एक गृहस्थ हात वर करून सूचना देतायत आणि बाकी सगळे त्यांचं ऐकतायत.

"वा," काका म्हणाले. "मला पाठवा."

पाठवली. का पाठवली ते विचारू नका. आता ती सगळ्या मॉर्निंग वॉकवाल्यांकडे आहे, पण माझ्या बाजूने कापून, मी कोपऱ्यात रिमोट घेऊन उभा होतो ना, तिथे आता फक्त माझं कोपर दिसतं.

काल काकांचाच फोन आला. कुणाचं तरी मांजर हरवलंय.

"तुमचं ते घेऊन या, आपण शोधू. आणि या वेळी बॅटरी भरून आणा."

भरलेलीच होती!