आजाऱ्याच्या पायाशी बसलेला डास

मुलगी हिवतापाने आजारी होती तेव्हा मी रात्ररात्र तिच्या उशाशी बसून असे. अशाच एका रात्री, दोन वाजून गेले असतील, तिचा पाय मच्छरदाणीला टेकलेला दिसला आणि घोट्यापाशी एक काळा ठिपका. मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहिलं. डास होता. बाहेर जाळीवर बसून, छिद्रातून सोंड घालून तो तिचं रक्त पीत होता. डोकं खाली, शेपटाकडचा भाग वर, कुणी तिरका काटा रोवून ठेवावा तसा. पंखांवर काळेपांढरे ठिपके. पोट बघता बघता लाल आणि टम्म होत गेलं, आणि टोकाला लालसर पाण्याचा एक बारीक थेंब लोंबू लागला. कानाशी येते तशी गुणगुण अजिबात नव्हती. पोरगी हललीसुद्धा नाही.

तो थेंब कसला, हे मी नंतर वाचून काढलं. रक्त पिताना ॲनोफिलीस या हिवताप पसरवणाऱ्या डासाची मादी (चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, नर फक्त फुलांतला गोड रस पितो) नको असलेलं पाणी लगेच बाहेर टाकते, म्हणजे पोटात जास्त रक्त मावतं. शिवाय आपलं रक्त तिच्या अंगाच्या मानाने गरम असतं. तो थेंब वाळताना तिचं अंग थोडं थंड राहतं.

पण त्या रात्री मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. मुलीला जे व्हायचं ते झालं होतं. हा डास आता तिच्याकडून काय घेऊन चालला होता?

हिवतापाबद्दल आपण बोलतो ते निरोग्याच्या बाजूने. मला डास चावू नये, माझ्या मुलांना चावू नये. पण डास जन्मतः हिवताप घेऊन येत नाही. तो त्याला माणसाकडूनच मिळतो, हिवतापाचे जंतू रक्तात असलेल्या माणसाला चावल्यावर. पुढे ते जंतू मादीच्या पोटात वाढून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचायला उबदार हवेत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. मादीचं आयुष्यच मुळी थोड्या आठवड्यांचं. दर दोन-तीन दिवसांनी ती रक्त पिते, अंडी घालते, परत येते. म्हणजे हिवताप देणारी मादी कायम म्हातारी असते. त्याआधी तिने बऱ्याच जणांना चावून घेतलेलं असतं, आणि त्यातला निदान एक जण हिवतापाचा होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की घरात मच्छरदाणी एकच असेल तर तिच्यात आधी आजारी माणूस झोपला पाहिजे. त्याला आणखी डास चावू नयेत म्हणून नाहीच, डासाला त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्या कशा घ्यायच्या, जेवण काय द्यायचं, सगळं नीट समजावलं होतं. पाय जाळीला टेकू देऊ नका, एवढं एक वाक्य नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवेलागणीला दारंखिडक्या लावायच्या, अगरबत्ती किंवा कॉइल पेटवायची, आणि झोपताना धूर नको म्हणून विझवायची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. संध्याकाळी जे डास छळतात त्यांच्यासाठी ते ठीक. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो. पण हिवतापाच्या बहुतेक डासांची चावण्याची वेळ रात्रीची असते, आणि काही जातींचा भर तर मध्यरात्रीनंतर. आपण कॉइल विझवून गाढ झोपलो की त्यांचा वावर सुरू होतो. चावण्याची जागाही बहुतेकदा खालची, पाय आणि घोटे. पायांच्या त्वचेवरचे जंतू जो वास सोडतात तो आफ्रिकेतल्या ॲनोफिलीस गॅम्बी या जातीला खेचून घेतो. १९९६ मध्ये नेदरलँड्सचे कीटकशास्त्रज्ञ बार्ट नोल्स यांनी दाखवून दिलं, की पायांसारखा वास असलेल्या लिंबर्गर चीजकडेही हा डास येतो. पांघरुणाबाहेर राहिलेलं एक पाऊल त्याला पुरेसं असतं.

ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत अशाच ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेत आणि त्यांतली बहुसंख्य पाच वर्षांखालची मुलं. हा आकडा वाचताना मला ते टेकलेलं पाऊल दिसतं.

उपाय नाहीत असं नाही. त्या रात्री तो डास पोट भरल्यावर लांब गेलाच नाही. जडावलेला, जेमतेम हातभर उडाला आणि भिंतीवर बसला. घरात चावणाऱ्या अनेक जातींची हीच सवय, रक्त पचेपर्यंत जवळच्या भिंतीवर टेकायचं. भिंतींवर औषध फवारतात ते याच सवयीवर नेम धरून. औषध लावलेल्या मच्छरदाणीचंही तसंच, जाळीवर बसला की बहुतेकदा मेला. आमची साधी होती, म्हणून तो निवांत बसू शकला. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे रुग्ण टळले, त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त अशा औषधी मच्छरदाण्यांमुळे टळले, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे.

पण डासही बदलतो. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारल्यानंतर तिथला ॲनोफिलीस फराउटी घराबाहेर आणि संध्याकाळी लवकर चावू लागला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात वर्षभर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर घरातले वीस ते तीस टक्के चावे दिवसा घेतलेले निघाले. शाळेत, कचेरीत बसलेल्या माणसाला मच्छरदाणी काय कामाची? जातीजातीत फरक आहे तो वेगळाच. ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस माणसापेक्षा गुराढोरांकडे जास्त ओढला जातो आणि गोठ्यात विसावतो. स्टीफेन्सी शहरातल्या पाण्याच्या टाक्यांमध्ये वाढतो. जंगलातले काही घराबाहेरच चावतात, रात्री रानात मुक्काम करणाऱ्यांना घराच्या भिंतीवरच्या औषधाचा काय उपयोग. सगळीकडे एकच पत्रक छापून वाटणं म्हणूनच मला पटत नाही.

डास कधी आणि कुठे चावतो ही माहिती गोळा कशी करतात ते कळल्यावर मी गप्प झालो होतो. माणसं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून अंधारात बसतात. पायावर डास बसला की चावायच्या आत नळीने ओढून घ्यायचा, दर तासाचे डास वेगळ्या कपात ठेवायचे. आधी हिवताप टाळणारं औषध दिलेलं असतं, तरी पाय त्यांचाच असतो. इतक्या कष्टाने कळलेली वेळ अहवालांत पडून राहते, याचा मला राग येतो. पाऊस किती पडला हे लोकांना रोज सांगतात. आपल्या भागातला हिवतापाचा डास किती वाजता, घरात की बाहेर चावतो, हेही हंगाम सुरू होण्याआधी तितक्याच साध्या शब्दांत सांगायला हवं.

मुलगी आता बरी आहे. तुमच्या घरात कुणाला थंडी वाजून ताप येत असेल तर रक्त आजच तपासून घ्या, आणि गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या करा. रात्री मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झाल्या, की एकदा त्यांच्या पायाकडे बघा. जाळीला टेकला असेल तर हळूच आत सरकवा.